शस्त्रक्रियागृहातील वायुजन्य संसर्ग व शल्यपथकाचे संरक्षण

शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या श्वासमार्गातून, जखमेतून किंवा उपकरणांच्या वापरामुळे हवेत मिसळणारे सूक्ष्मजंतू, व्हायरस व धूर यांपासून शस्त्रक्रिया करणारे वैद्य, शुद्धिहरणतज्ञ, परिचारिका व इतर साहाय्यक यांचा बचाव करण्याच्या उपायांचा विचार या विषयात केला जातो. या उपायांचा इतिहास काहीसा उलट्या दिशेने घडलेला आहे. शस्त्रक्रियागृहातील मुखपट्टी, झगा, हातमोजे आणि हवेची गाळणी ही सर्व साधने प्रथम रुग्णाचे शल्यपथकापासून रक्षण करण्यासाठी निघाली. शल्यपथकाचेही रुग्णापासून रक्षण झाले पाहिजे, हा विचार पुष्कळ उशिरा रुजला. पिंपरी-चिंचवड व चाकण या पुणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्ट्यात शुद्ध हवेचे तंत्र रुग्णालयांच्या आधी कारखान्यांतून वापरात आले, म्हणून या विषयाचा मागोवा घेण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

पूर्वेतिहास : इंग्रज शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगो येथे कार्बॉलिक अम्लाचा जखमेवर उपयोग केला. जखमा चिघळण्यास हवेतील जंतूच मुख्यतः कारणीभूत असतात अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे १८७१ च्या सुमारास त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागेवर या अम्लाचे तुषार उडविण्यास सुरुवात केली. हवा शुद्ध करण्याचा शस्त्रक्रियेच्या इतिहासातील हा पहिला पद्धतशीर प्रयत्न म्हणता येईल. परंतु त्या तुषारांनी वैद्यांचे हात सोलवटत, डोळे चुरचुरत व श्वासास त्रास होई. रुग्णासाठी केलेली योजना खोलीतील इतरांना अपायकारक ठरण्याचे हे पहिले उदाहरण होय, शेवटचे मात्र नव्हे. हवेपेक्षा हात, उपकरणे व कापड यांमार्फत होणारा संसर्ग अधिक महत्त्वाचा आहे हे पटल्यावर १८९० मध्ये लिस्टर यांनी तुषारपद्धती सोडून दिली व आपण तिची शिफारस केली याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

ब्रेस्लौ येथील कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९७ मध्ये बोलताना व खोकताना तोंडातून उडणाऱ्या थेंबांतून जंतू पसरतात असे दाखविले. त्याच शहरातील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी त्या वर्षी जाळीच्या कापडाची एकेरी पट्टी तोंडावर बांधून शस्त्रक्रिया केल्या. पॅरिस येथे पॉल बेर्झे यांनीही त्याच वर्षी असा उपाय योजला. वैद्याची लाळ जखमेत पडू नये, एवढाच या पट्टीचा हेतू होता. घालणाऱ्याने आत घेतलेली हवा तिच्या कडांच्या फटींतून येते याकडे लक्ष देण्याचे तेव्हा कोणास कारणही नव्हते. आजची सैल शस्त्रक्रिया-मुखपट्टी ही या पट्टीचीच वंशज आहे.

घालणाऱ्याचे रक्षण करणारी मुखपट्टी शस्त्रक्रियागृहाबाहेर, प्लेगच्या साथीत जन्मास आली. मुंबईत १८९६ मध्ये व पुण्यात त्या पाठोपाठ पसरलेला प्लेग मुख्यतः ग्रंथिक प्रकारचा होता व तो पिसवांमार्फत पसरत असे. मँचुरियात १९१० च्या हिवाळ्यात उद्‌भवलेला प्लेग मात्र फुप्फुसांचा होता. तो श्वासावाटे पसरतो असे प्रतिपादून मलायात जन्मलेले चिनी वंशाचे वैद्य वू ल्येन-ते यांनी कापूस व जाळीचे कापड यांचे थर असलेली, चेहऱ्यावर घट्ट बसणारी मुखपट्टी सर्व कर्मचाऱ्यांना वापरावयास लावली. हे मत अमान्य करणारे फ्रेंच वैद्य मेनी हे मुखपट्टीवाचून रुग्ण तपासण्यास गेले व जानेवारी १९११ मध्ये त्याच रोगाने मरण पावले.

विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये आणखी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. मोठे थेंब लवकर खाली पडतात. बारीक थेंब मात्र पडण्यापूर्वीच सुकतात आणि त्यांचे सूक्ष्म अवशेष दीर्घकाळ हवेत तरंगत राहतात. क्षयरोग याच मार्गाने पसरतो, हे नंतर गिनीपिगांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले. पाच मायक्रॉनांवरील कण ‘थेंब’ व त्याखालील ‘वायुजन्य’ अशी जी ढोबळ विभागणी पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली, ती वेल्स यांच्या मूळ विवेचनाशी जुळत नाही. तिच्यामुळे अनेक रोगांच्या बाबतीत वैद्यकीय कर्मचाऱ्यांना पुरेसे संरक्षण मिळण्यास विलंब लागला, असे आता मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ही विभागणी सोडून देणारी नवी परिभाषा २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.

शस्त्रक्रियागृहाच्या वायुवीजनात क्रांती घडवून आणली ती अस्थिशल्यविशारदांनी. खुब्याचा कृत्रिम सांधा बसविणारे जॉन चार्न्ली यांनी लँकाशरमधील राइटिंग्टन रुग्णालयात १९६० नंतर हॉवर्थ या वायुवीजन यंत्रणा बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने रुग्णाभोवती एक बंदिस्त कक्ष उभारला आणि त्यात छतातून गाळलेली हवा सतत खाली सोडली. पुढे शल्यपथकाचा उच्छ्‌वासही नळीने बाहेर ओढून घेणारे पोशाख त्यांनी तयार केले. सुरुवातीस सु. नऊ टक्के असलेले जंतुसंसर्गाचे प्रमाण या व इतर उपायांनी एक टक्क्याच्या आत आले. ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक सांधेरोपणांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनेही अतिशुद्ध हवेचा उपयोग दाखवून दिला. मात्र या सर्व खटाटोपात मनुष्य हा दूषणाचा उगम आणि जखम ही रक्षणीय वस्तू, असेच गृहीत धरलेले होते.

पिंपरीतील शुद्ध हवा : पुण्याच्या वायव्येस पिंपरी येथे भारत सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कंपनीची स्थापना केली. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधी यांचे तीस साहाय्य लाभले आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनही तेथे तयार होऊ लागले. प्रतिजैव पदार्थांच्या उत्पादनात औषधापेक्षा हवा अधिक लागते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. बुरशी वाढविण्याच्या टाकीतील द्रवाच्या घनफळाइतकी निर्जंतुक हवा सामान्यतः दर मिनिटाला त्या द्रवातून सोडावी लागते. एखादा परका जंतू आत शिरला, तर टाकीतील सर्व माल वाया जातो. म्हणून अशा कारखान्यांत हवा प्रथम दाबतात व नंतर काचतंतू वा तत्सम द्रव्याच्या जाड थरातून गाळून घेतात. तयार भुकटी कुप्यांत भरण्याच्या खोल्यांत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे दार उघडताच हवा आतून बाहेर जाते, बाहेरची धूळ आत येत नाही.

शस्त्रक्रियागृहाच्या वायुवीजनाचा नियम नेमका हाच आहे. पिंपरीच्या कंपनीने हा नियम परिसरातील रुग्णालयांना शिकविला असे नव्हे. दोन्हींचा उगम वेगवेगळा आहे. परंतु गाळलेली हवा, दाबातील फरक व कपडे बदलण्याची खोली या गोष्टी रोजच्या कामाचा भाग म्हणून हाताळणारा कामगारवर्ग या गावात रुग्णालयांच्या कितीतरी आधीपासून होता. याच कंपनीच्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी शोधून काढलेले हॅमायसीन हे कवकनाशक ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते, त्याच्या शास्त्रीय नावात, स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रीना यात, पिंपरी हे गाव अमर झाले आहे.

याच पट्ट्यात शुद्ध हवेचा दुसरा एक प्रकार वाहनांच्या कारखान्यांत आढळतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या भागांत आणि पुढे चाकण येथे वाहने व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने उभे राहिले. वाहनाच्या सांगाड्यास रंग देण्याच्या कक्षात छतातील गाळण्यांतून हवा संथपणे खाली येते व जमिनीवरील जाळीतून ओढून घेतली जाते. खाली पाण्याच्या प्रवाहात रंगाचे कण अडतात. वरून येणारी हवा धुळीपासून रंगाचे रक्षण करते, खाली जाणारी हवा रंगाच्या फवाऱ्यापासून कामगाराचे. माल व माणूस या दोघांचाही विचार एकाच प्रवाहात केलेला असतो. शस्त्रक्रियागृहाच्या अभिकल्पात ही दुसरी बाजू दीर्घकाळ राहून गेली होती.

धोक्याचे स्वरूप : शल्यपथकास हवेतून होणारा सर्वांत जुना व भारतात आजही सर्वांत महत्त्वाचा धोका क्षयरोगाचा आहे. फुप्फुस, स्वरयंत्र, लसीका ग्रंथी व पाठीचा कणा यांच्या क्षयावरील शस्त्रक्रियांत, तसेच क्षयाचे निदान झालेले नसताना केलेल्या श्वासनलिकेच्या तपासणीत हा धोका असतो. दाट वस्ती, एका खोलीत अनेकांनी राहणे आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेला श्रमिकवर्ग अशी परिस्थिती असलेल्या औद्योगिक नगरात तो गृहीतच धरला पाहिजे.

दुसरा धोका धुराचा. विद्युत्‌ दहनाने ऊतक कापण्याची पद्धत १९२६ मध्ये अमेरिकेत विल्यम बोवी व हार्वी कुशिंग यांनी प्रचारात आणली, तेव्हापासून शस्त्रक्रियागृहात जळक्या मांसाचा धूर नित्याचा झाला. त्यात अपायकारक रसायने असतात. लेसर किरणांनी चामखीळ जाळताना निघणाऱ्या धुरात तिच्या व्हायरसाचे केंद्रकीय अम्ल आढळल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच प्रकारच्या गाठींवर लेसरने उपचार करणाऱ्या नॉर्वेतील एका शल्यविशारदाच्या स्वतःच्या स्वरयंत्रात तशा गाठी उद्‌भवल्याची नोंद १९९१ मधील आहे. धूर उगमापाशीच शोषून घेणारी यंत्रे उपलब्ध आहेत. पण त्यांचा आवाज होतो, नळी हातात अडथळा आणते व खर्च येतो, म्हणून ती पुष्कळदा कोपऱ्यात पडून राहतात.

यांखेरीज भारतीय शस्त्रक्रियागृहांत परंपरेने चालत आलेल्या धुरीचा उल्लेख केला पाहिजे. फॉर्मॅलिनात पोटॅशियम परमँगॅनेट टाकून निघणारी वाफ रात्रभर बंद खोलीत कोंडण्याची ही पद्धत लहानमोठ्या रुग्णालयांत अनेक दशके पाळली गेली. पुढे बऱ्याच ठिकाणी तिची जागा इतर द्रव्यांच्या तुषारांनी घेतली. धुरीने रिकाम्या खोलीतील पृष्ठभाग निर्जंतुक होण्यास मदत होते. पण दुसऱ्या दिवशी रुग्ण खोकू लागल्यावर हवेत जे मिसळते, त्यावर तिचा काहीच परिणाम नसतो. उलट फॉर्माल्डिहाइड हे द्रव्य मनुष्यात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये ठरविले. सकाळी खोली उघडणाऱ्या सेवकाच्या डोळ्यांतून पाणी येत असे, यापलीकडे त्याच्या आरोग्याचा विचार क्वचितच होई. लिस्टर यांच्या तुषारांचीच ही पुनरावृत्ती होय.

साथी व त्यांतील अनुभव : नगरपालिका असलेल्या पिंपरी-चिंचवडचे १९८२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. संत तुकारामनगर येथील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय १९८९ पासून या शहराचे प्रमुख सार्वजनिक रुग्णालय आहे. वायुजन्य संसर्गाचा प्रश्न सर्वसामान्य जनतेपुढे प्रथम ठळकपणे आला तो २००९ मधील स्वाइन फ्लूच्या साथीत. या रोगाचा भारतातील पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांत मुखपट्ट्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे गर्दी उसळली. ‘एन-९५’ हा शब्द मराठीत रुळला तो त्या पावसाळ्यात. अमेरिकेत १९९५ मध्ये ठरविलेल्या या मानकाप्रमाणे मुखपट्टीने सु. ०·३ मायक्रॉनाचे किमान ९५ टक्के कण अडविले पाहिजेत. हे काम केवळ कापडाच्या विणीने होत नाही. पॉलिप्रोपिलिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंवर दिलेला स्थिर विद्युत्‌ भार कणांना ओढून घेतो. म्हणूनच अशी मुखपट्टी साबणाने धुतल्यास तिचे गाळण्याचे सामर्थ्य घटते.

महाराष्ट्रातील कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले व त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निष्पन्न झाले. यशवंतराव चव्हाण रुग्णालय या साथीत कोविड रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले, तर नेहरूनगर येथील अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर सु. आठशे खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभारण्यात आले. चाकण परिसरात म्हाळुंगे येथे मोटार-उद्योगाच्या साहाय्याने विलगीकरणाची सोय झाली.

शस्त्रक्रियागृहापुढे या साथीने एक अवघड कोडे टाकले. चांगल्या शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. भारतात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शनानुसार हा फरक किमान २·५ पास्काल असावा व तासाला किमान वीस वेळा हवा बदलावी. रुग्ण वायुजन्य रोगाने बाधित असेल, तर हीच व्यवस्था त्याचा उच्छ्‌वास दाराच्या फटीतून मार्गिकेत ढकलते. दाब उलटा करावा, तर बाहेरची हवा जखमेवर येते. पुण्यातच पाषाण येथे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत हवा नेहमी बाहेरून आत जाते आणि गाळूनच बाहेर सोडली जाते; पिंपरीच्या औषध भरण्याच्या खोलीत ती आतून बाहेर जाते. बाधित रुग्णाच्या शस्त्रक्रियेस या दोन्ही व्यवस्था एकाच वेळी हव्या असतात. यावरील तांत्रिक उत्तर म्हणजे शस्त्रक्रियागृह व मार्गिका यांमध्ये एक मधली खोली ठेवून तिचा दाब दोहोंपेक्षा कमी राखणे. जुन्या इमारतीत त्यास जागा सापडत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी व्यवहारात केले गेले ते एवढेच : एक शस्त्रक्रियागृह अशा रुग्णांसाठी वेगळे काढावयाचे, आत मोजकी माणसे ठेवावयाची, शुद्धिहरणाच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालताना इतरांनी बाहेर थांबावयाचे आणि नंतर हवा बदलेपर्यंत दार उघडावयाचे नाही.

हा थांबण्याचा अवधी गणिताने निघतो. हवा नीट मिसळत असल्यास तासाला वीस वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत ९९ टक्के कण निघून जाण्यास सु. चौदा मिनिटे लागतात. बारा वेळा बदलणाऱ्या खोलीत तेवीस, तर सहा वेळा बदलणाऱ्या खोलीत शेहेचाळीस मिनिटे. भिंतीवरील साध्या वातानुकूलन यंत्रावर चालणाऱ्या लहान रुग्णालयातील खोलीत हे गणित लागूच पडत नाही, कारण ते यंत्र आतलीच हवा थंड करून पुन्हा आत सोडते. खोली गार असली म्हणजे तिची हवा शुद्ध असते, हा समज वैद्यकीय व्यवसायातही पुष्कळ दिवस टिकला होता. अशा ठिकाणी खिडकीतील निष्कासक पंखा किंवा हेपा गाळक बसविलेले हलते यंत्र हा स्वस्त व बऱ्यापैकी उपयोगी उपाय ठरतो.

औद्योगिक पट्ट्यात या अडचणीस आणखी एक धार होती. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता येतात. दाबयंत्रात सापडून चिरडलेला हात किंवा महामार्गावरील अपघात यांना थांबविता येत नाही. पुण्याच्या मायलॅब या कंपनीच्या निदानसंचास मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली असली, तरी नमुन्याचा निकाल हाती येण्यास अनेक तास लागत आणि तुटलेले बोट जोडण्याची मुदतही तासांतच मोजली जाते. त्यामुळे निकाल येईपर्यंत प्रत्येक तातडीचा रुग्ण बाधित मानूनच शस्त्रक्रिया करणे भाग पडे. संपूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखात घामाने डोळ्यांवरील चष्मा धुरकटे, आवाज ऐकू येत नसे आणि पाणी न पिता तासन्‌तास उभे राहावे लागे. हाताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शिवणाऱ्यास हा केवळ गैरसोयीचा भाग नव्हता.

घाईत काढलेले सर्वच उपाय टिकले नाहीत. तैवानमधील शुद्धिहरणतज्ञ लाय यांनी सुचविलेली, रुग्णाच्या डोक्यावर ठेवावयाची ॲक्रिलिकची पेटी जगभर लोकप्रिय झाली व भारतातही ठिकठिकाणी बनविली गेली. प्रयोगांत मात्र तिच्यामुळे श्वासनलिकेत नळी घालण्यास अधिक वेळ लागतो व हात घालण्याच्या भोकांतून कण बाहेर येतात असे दिसले. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पेट्यांना दिलेली परवानगी मागे घेतली. नळी घालण्याची क्रियाच सर्वांत धोक्याची ही समजूतही पुढे बदलली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे २०२० मध्ये केलेल्या प्रत्यक्ष मोजणीत या क्रियेपेक्षा साध्या खोकल्यातून कितीतरी अधिक सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. याचा अर्थ असा की घट्ट मुखपट्टीची गरज शुद्धिहरणतज्ञाइतकीच रुग्णाला ढकलगाडीवरून आणणाऱ्या सेवकाला असते. साठा अपुरा असताना ती ज्यांना शेवटी मिळाली, त्यांत तोच होता.

साथीच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात, काळ्या बुरशीच्या रोगाने नाक, जबडा व डोळे यांवरील शस्त्रक्रियांची रांग लागली. ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्यास लागत नाही. परंतु नुकत्याच कोविड होऊन गेलेल्या रुग्णाच्या नाकातील ऊतक घासून, कापून व धुऊन काढताना उडणाऱ्या तुषारांत कान-नाक-घसातज्ञाचा चेहरा रुग्णापासून अवघ्या वीतभर अंतरावर असतो. या रोगावर वापरले जाणारे, त्या महिन्यांत दुर्मिळ झालेले अँफोटेरिसीन-बी हे औषध पिंपरीच्या मातीतून मिळालेल्या हॅमायसिनाच्याच पॉलिईन गटातील आहे.

मुखपट्टीच्या दर्जासंबंधी भारतीय मानक संस्थेचे आयएस ९४७३ हे मानक अस्तित्वात आहे. मानक पाळणारी मुखपट्टीही चेहऱ्याशी नीट बसली नाही, तर तिचा उपयोग सैल पट्टीइतकाच उरतो. म्हणून कडू किंवा गोड चवीचा फवारा उडवून घालणाऱ्यास चव लागते की नाही हे पाहण्याची चाचणी केली जाते. दाढी असल्यास ही चाचणी सहसा यशस्वी होत नाही. रंगकाम करणाऱ्या कामगाराच्या बाबतीत जी तपासणी कारखान्याच्या सुरक्षा-विभागाच्या नेहमीच्या कामात मोडते, ती बहुसंख्य रुग्णालयांत कर्मचारी रुजू होताना अद्याप केली जात नाही.